थांब म्हणायची मुभा

आमच्या शेडमध्ये एक शब्द असा होता, की तो कुणीही उच्चारला तरी सगळ्या प्रेसवरची माणसं पायडलवरून पाय मागे घेत आणि दोन्ही हात खांद्याइतके वर करत. बोलणारा मालक असो की कालपरवा लागलेला माणूस, त्यात फरक नसे. शब्द साधाच होता: ‘थांब’. आमच्याकडे तो सात वर्षं टिकला.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘लहान धंद्यात माणसं कशी सांभाळावीत’ यावर अनुभव लिहायला सांगितलं आहे. माणसं सांभाळणारा मी नव्हतो. मी स्टोअर सांभाळत असे, तयार माल तपासत असे आणि कारखान्याची पत्रं लिहीत असे. माणसं सांभाळली ती आमच्या मालकांनी, अण्णांनी. तो शब्द त्यांनी कसा रुजवला आणि तो कसा गेला, एवढंच मला सांगता येईल. हे लिहायला मी फार वर्षं घेतली आहेत.

अण्णांनी नाशिकच्या सातपूरला शेड घेतली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमाराला. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामेच होते. दुपारी शेडच्या दारात उभं राहिलं की पांडवलेण्याचा डोंगर सरळ दिसायचा. तीन पॉवर प्रेस, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि आम्ही नऊ माणसं. एका मोठ्या कारखान्यासाठी विजेच्या स्विचमध्ये बसणाऱ्या पितळी क्लिपा आम्ही करून देत होतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. शाळेत नोकरी मिळाली नाही म्हणून इथे आलो. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसे, कधी सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्यामुळे पहिल्या महिन्यातच माझं नाव ‘मास्तर’ पडलं. शाळेनं जे दिलं नाही ते शेडनं दिलं.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाली पोलादी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. वर तसाच पोलादी ठोकळा, तो पंच. बाजूला एक जड चाक सारखं फिरत असतं. पायानं पायडल दाबलं की आतली एक चावी त्या चाकात अडकते, पंच एकदा खाली येतो, वर जातो आणि थांबतो. या ‘एकदा’वर सगळा भरवसा. पितळेचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पायडल दाबायचं, वाकलेला तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभर हेच. आतली चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग थकली, तर पंच एकदा येऊन थांबत नाही. न बोलावता दुसऱ्यांदा येतो. त्याला ‘डबल मारणं’ म्हणत. त्या वेळी माणसाचा हात तुकडा काढायला आत गेलेला असतो. म्हणून तुकडा ठेवायला आणि काढायला लांब चिमटा वापरायचा असा नियम होता. चिमट्यानं काम सावकाश होतं, आणि कामगाराला चिमट्याचा कंटाळा असतो, हेही खरं.

अण्णांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. तरुणपणी मुंबईत एका वर्कशॉपमध्ये ती गेली होती. ही गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली, शेड सुरू झाली त्या दिवशी. पेढे वाटून झाले होते. अण्णा म्हणाले, “माझ्या शेजारच्या माणसाला मशीन बिघडलेलं दिसलं होतं. पण आदल्याच आठवड्यात त्यानं कुणाला तरी थांबवलं, तर फोरमननं सगळ्यांदेखत त्याची फिरकी घेतली होती. त्यामुळे त्या दिवशी तो गप्प राहिला. मी त्याच्यावर कधी रागावलो नाही. दोष त्याचा नव्हता.”

मग त्यांनी तीन गोष्टी घालून दिल्या. ‘थांब’ कुणीही म्हणावं. म्हटलं की आधी सगळ्यांनी थांबावं आणि मग मशीन बघावं; का म्हटलंस, असं विचारू नये. आणि काहीच निघालं नाही तरी हसू नये. तिसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. “कुणी रागावलेलं माणूस विसरतं,” ते म्हणाले. “कुणी हसलेलं विसरत नाही.”

आणखी एक पद्धत होती. काही बिघडलं की अण्णा ‘काय झालं’ असं विचारत, ‘कुणी केलं’ असं कधीही विचारत नसत. सुरुवातीला आम्हाला हे चमत्कारिक वाटे. मग सवय झाली आणि माणसं आपण होऊन सांगू लागली. माप चुकलं, डाय उलटा बसवला, तेल घालायचं राहिलं, असं सगळं सकाळच्या चहाला बाहेर पडे आणि चहाबरोबरच संपे.

पहिला ‘थांब’ पुंडलिकचा. पुंडलिक नामपूरकडचा, दुष्काळात कामाच्या शोधात नाशकात आलेला, अंगानं दणकट आणि तोंडाळ. मधल्या प्रेसवर तो असे. त्यानं एका सकाळी आरोळी ठोकली. तिन्ही प्रेस थांबल्या. आमचे फिटर इस्माईलभाई पाना घेऊन धावले. मोटरचं झाकण उघडलं, तर आतून एक पाल निघाली आणि भिंतीवर चढून गेली. सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले. अण्णा म्हणाले, “झाकणाला फट आहे, जाळी लावा,” आणि आत गेले. जेवताना मात्र पुंडलिकनंच विषय काढला. “मास्तर, पेपरात छापून आना. पालीचा जीव वाचवला, सातपूरचा वीर.” तेव्हा आम्ही पोटभर हसलो. स्वतःवर हसायला बंदी नव्हती.

मोठ्या कारखान्याचे एक साहेब अधूनमधून माल बघायला येत. एकदा ते असताना अर्ध्या तासात दोन ‘थांब’ झाले. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “हा कारखाना आहे की रेल्वेचं फाटक?”

“फाटकच आहे साहेब,” अण्णा म्हणाले. “गाडी येते म्हणून तर बंद करतो.”

त्याच दिवशी दुसऱ्या ‘थांब’मध्ये डायला गेलेली केसाएवढी चीर सापडली होती. ती दिसली नसती तर साहेबांच्याच पेट्यांत वाकडा माल गेला असता. साहेबांनी ती भिंगातून पाहिली आणि चहा घेतला. पुढे ते दुसऱ्या कारखानदारांना आमच्या फाटकाची गोष्ट सांगत असत, असं कानावर आलं.

ती चीर शांताबाईंना कळली होती. शांताबाई साळवे. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, सुनंदा. गावाबाहेरच्या वसाहतीतून अर्धा तास चालत कामाला येत. प्रेसमधून निघालेल्या तुकड्याच्या कडेला धारदार कोर राहते, ती कानशीनं घासून काढायचं काम त्यांचं. मधल्या प्रेसकडे पाठ करून त्या पाटावर बसत. त्यांना मशीन दिसत नसे, म्हणून की काय, ऐकू फार येई. चीर सापडली त्या दिवशी इस्माईलभाईंनी विचारलं, “बाई, तुम्हाला कसं समजलं?”

“आवाज वला येत व्हता,” त्या म्हणाल्या.

ओला आवाज म्हणजे काय, ते आमच्यापैकी कुणाला कळलं नाही. इस्माईलभाई मात्र मान डोलवत राहिले. “बाई, तुमचा कान मला द्या, माझे पाने तुम्ही घ्या,” ते म्हणाले. शांताबाई पदर तोंडावर धरून लाजल्या.

त्या नव्या लागल्या तेव्हाची एक गोष्ट सांगायला हवी. शेडमध्ये एकच माठ आणि एकच पेला होता. त्या आल्यावर आठवड्याभरात दोघांनी घरून पाण्याच्या बाटल्या आणायला सुरुवात केली. कारण कुणी बोललं नाही, कुणाला विचारावंही लागलं नाही. अण्णाही काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत शांताबाई पाणी प्यायल्या की ते हात पुढे करत, तोच पेला घेत आणि सगळ्यांसमोर उभ्यानं पाणी पीत. महिनाभरात बाटल्या दिसेनाशा झाल्या. मी बाटली आणली नव्हती. मला त्याचा अभिमान होता. वाचलेली पुस्तकं आपल्याला लागू पडली, असं मला वाटत होतं.

आठव्या वर्षी अण्णांच्या पत्नीचं मुंबईला ऑपरेशन ठरलं. आठ-दहा दिवस ते तिकडे राहणार होते. जाताना शेडच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. “इस्माईलभाई मशीन बघतील, मास्तर. तुम्ही माणसं बघा,” ते म्हणाले. त्या आठवड्यात क्लिपांची मोठी मागणी होती आणि शुक्रवारी संध्याकाळी ट्रक यायचा होता. माल वेळेवर गेला पाहिजे, अण्णा आल्यावर त्यांना काळजीचं काही दिसता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाती काही अधिकार आला होता. तो माझ्या अंगात भिनला होता, हे आता दिसतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला शांताबाईंनी ‘थांब’ म्हटलं. सगळे थांबले. मधल्या प्रेसकडे पाठ तशीच ठेवून त्या म्हणाल्या, “धप्प व्हायच्या आधी टक् म्हणतंय.” इस्माईलभाईंनी झाकण काढून पाहिलं, चाक हातानं फिरवलं, दहा-बारा वेळा रिकामी प्रेस मारून बघितली. काही नव्हतं. काम सुरू झालं.

चार वाजता त्यांनी पुन्हा ‘थांब’ म्हटलं. पुन्हा तेच टक्. पुन्हा झाकण, पाना, रिकामी प्रेस. इस्माईलभाईंना काही सापडलं नाही. ते म्हणाले, “पूरी खोलके देखनी पडेगी.” पूर्ण उघडायची म्हणजे प्रेस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. ट्रकच्या आधी किती तुकडे व्हायचे आहेत ते त्यावर लिहिलेलं होतं. मी म्हणालो, “रविवारी उघडू.” आणि मग, कुणीही मागितलं नसताना, शांताबाईंकडे वळून म्हणालो,

“तेल मशीनला नको, बाई. तुमच्या कानात घाला.”

सगळी शेड हसली. मी मास्तर होतो, फारसा बोलत नसे, त्यामुळे माझ्या तोंडून विनोद आला याचं लोकांना अप्रूपही वाटलं असेल. मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. शांताबाईंनी एकदा मान वर केली, खाली घातली आणि त्या पुन्हा कानस फिरवू लागल्या.

हेच इस्माईलभाई म्हणाले असते की आवाज येतोय, तर मी असं बोललो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला आहे. नसतो बोललो. शांताबाईंच्या जागी दुसरी, आमच्या आळीतली एखादी बाई असती तर? याचं उत्तर मला अजून धीटपणे देता येत नाही. बाटली न आणणाऱ्या माणसाच्या मनातही किती काय शिल्लक असतं, ते तोंडातून निघालेल्या एका वाक्यावरून कळतं.

शुक्रवारी जेवणानंतर मी पुंडलिकजवळ जाऊन विचारलं, “ट्रकच्या आत होईल का रे सगळं?”

“व्हईल की,” तो म्हणाला. “फक्त चिमट्याला अर्धी रजा द्या.”

मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यानं चिमटा बाजूला ठेवलेला मला दिसला होता.

तीनला थोडा वेळ होता. मी स्टोअरच्या दारात पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. नेहमीचा आवाज झाला आणि त्याच्या पाठोपाठ, मधे श्वास घ्यायलाही जागा नसावी तसा, दुसरा. मग पुंडलिकची हाक. शब्द नव्हता त्यात. ‘थांब’ कुणीही म्हटलं नव्हतं, तरी तिन्ही प्रेस थांबल्या होत्या. इस्माईलभाईंनी स्वतःचा सदरा काढून त्याचा हात गुंडाळला, समोरच्या कारखान्याचा टेम्पो मिळाला, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. निघताना मी मागे वळून पाहिलं. शांताबाई पाटावरून उठल्या होत्या. त्यांच्या हातात कानस तशीच होती.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

संध्याकाळी इस्माईलभाईंनी प्रेस पूर्ण उघडली. चावीची कड झिजून गोल झाली होती आणि तिची स्प्रिंग आत तुटली होती. ती गार असताना जागेवर बसे आणि काही वेळ चालून तापली की सरकत असे. दरवेळी तपासायला प्रेस बंद केली की तेवढ्या वेळात ती निवत असे. त्यांनी तो स्प्रिंगचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. “बाई सही बोल रही थी, मास्तर,” एवढंच ते म्हणाले.

अण्णा दुसऱ्याच दिवशी आले. आधी दवाखान्यात गेले, मग शेडमध्ये. सगळ्यांना बसवून त्यांनी विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. स्प्रिंग तुटली, प्रेसनं डबल मारलं, ट्रकची घाई होती, चिमटा वापरला नव्हता. आदल्या दिवशी दोनदा ‘थांब’ झाला होता आणि तपासणीत काही मिळालं नव्हतं, हेही सांगितलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. माझं ते वाक्य मी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणीही सांगितलं नाही, कारण हसले सगळेच होते. आणि अण्णांनी ‘कुणी’ असं विचारलं नाही, कारण ते कधीच विचारत नसत. त्यांनी आमच्यासाठी बांधलेल्या आडोशामागे मी लपलो.

पुढे चौकशीच्या कागदावर ‘कामगाराने चिमटा वापरला नव्हता’ असं आलं. तो मजकूर मीच लिहून दिला होता. माझं अक्षर चांगलं आहे.

पुंडलिक दोन महिन्यांनी परत आला. अण्णांनी त्याला पॅकिंगला घेतलं. पहिल्याच दिवशी चहाला तो म्हणाला, “मास्तर, आता मला पाढे शिकवू नका. सातच्या पुढचं मोजता येत नाय.” तो आमचं अवघडलेपण घालवायला बोलत होता. कुणाला हसू आलं नाही.

त्यानंतर शेडमध्ये ‘थांब’ ऐकू आला नाही. एक महिना गेला, दोन गेले. नवीन स्प्रिंगा होत्या, चिमटे होते, सगळे मान खाली घालून काम करत. एकदा अण्णा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “मास्तर, चार महिन्यांत एकदाही कुणी थांबवलं नाही. मशीनं एवढी चांगली झाली का?” मी म्हणालो, “सगळे जपून काम करतात आता.” ते मधल्या प्रेसकडे एकदा पाहून गेले.

पावसाळा संपता संपता शांताबाईंनी काम सोडत असल्याचं सांगितलं. सकाळच्या चहाची वेळ होती, सगळे होते. अण्णा म्हणाले, “काही कमी पडलं का, शांताबाई?”

“नाय अण्णा. कमी कायच नाय.” त्या उभ्याच होत्या. “मला पुंडलिकदादाकडं बघवत नाय. त्या दिशी मी ऐकलं व्हतं. जेवल्यापासून ऐकू येत व्हतं. गप बसले मी.”

अण्णांनी अगदी हळू विचारलं, “का गप्प बसलात?”

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी कदाचित बोललो असतो. उद्या परीक्षेला बसणारं मूल मास्तरांकडे बघतं, तसं त्या बघत होत्या. उत्तर मी द्यावं, असं त्यांना वाटत असावं. मी हातातला कप खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, “जीभ उचलली नाय, अण्णा. माझंच चुकलं.”

मी उठून त्यांच्या शेजारी उभा राहून खरं सांगितलं असतं, तर काय झालं असतं? अण्णा दुखावले असते. नोकरी गेली नसती. अण्णा तसे नव्हते. पुंडलिकनं दोन शिव्या दिल्या असत्या. एवढंच झालं असतं. आणि शांताबाई हलक्या मनानं घरी गेल्या असत्या. गुरुवारचं वाक्य माझ्याकडून भरात निघून गेलं होतं. ही गप्प बसण्याची गोष्ट मी पूर्ण शुद्धीत केली.

त्या गेल्यावर अण्णांनी मला आत बोलावलं. “मास्तर, बाईंनी तुमच्याकडं का पाहिलं?”

“माझं लक्ष नव्हतं, अण्णा,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा कधीही विचारलं नाही. पुढे एक गोष्ट मात्र ते करू लागले. आठवड्यातून एखाद्या वेळी, काही कारण नसताना, शेडच्या मध्ये उभे राहून ते स्वतः ‘थांब’ म्हणत. माणसं पाय मागे घेत, हात वर करत. ते एकेक मशीन बघून येत आणि ‘चालू द्या’ म्हणत. विझलेल्या चुलीत फुंकर मारावी तसं ते होतं. लोक मालक म्हणतो म्हणून थांबत. स्वतः कुणी म्हणालं नाही. सात वर्षांत उभं राहिलेलं पुन्हा उभं राहिलं नाही. पुढे मोठ्या कारखान्यानं स्वतःची मशीनं आणली, आमच्या मागण्या कमी झाल्या आणि अण्णांनी शेड विकली. अण्णाही आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसत असे, त्यांना वाचून दाखवत असे. तेव्हाही मी ते वाक्य सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पुंडलिक माझ्या दारात उभा राहिला. शेड बंद झाल्यावर तो नामपूरला परत गेला होता, कांद्याच्या मार्केटात कामाला होता. डाव्या हातानं तो आता सगळं करतो. मन हललं की त्याची अहिराणी वर येते. “बाई गयात, मास्तर,” तो म्हणाला. “आज त्यांचा जलदान विधी शे. चला.”

वसाहतीतलं शांताबाईंचं ते दोन खोल्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदनेचा आवाज, तसबिरींपुढे मेणबत्त्या. विधी झाल्यावर सुनंदा बाहेर आली. ती आता शाळेत शिक्षिका आहे. पुंडलिकला पाहताच ती त्याच्या पायाशी वाकली. तो गडबडून मागे सरला.

“काका, आई शेवटच्या दिवसापर्यंत तुमचं नाव घेत होती,” ती म्हणाली. “म्हणायची, माझ्यामुळं त्या माणसाचा हात गेला. आम्ही खूप समजावलं. तुम्ही तिला माफ केलंत ना?”

तेवढ्यात तिला कुणी आत बोलावलं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. बसल्या बसल्या मी त्याला सगळं सांगितलं: अण्णांना काय सांगितलं, काय सांगितलं नाही, बाईंनी माझ्याकडे का पाहिलं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत ऐकत होता.

“त्या दिशी सगळ्यात मोठ्यानं कोन हसलं व्हतं, ठाऊक हाय का?” त्यानं विचारलं.

मला आठवत नव्हतं.

“मी. बाईंनी मान वर केली ती माझ्याकडं बघून केली. तुम्हाला काय वाटलं, वझं तुम्ही एकट्यानंच वाह्यलं?” मग तो म्हणाला, “पोरीला सांगा, मास्तर. मी हाय संगती.”

माणसं पांगल्यावर आम्ही आत गेलो. सुनंदानं आम्हाला चटईवर बसवलं आणि समोर बसली. मी सुरुवात केली. गुरुवारी दोनदा तिच्या आईनं थांबवलं होतं, दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं, दुसऱ्या वेळी मी सगळ्यांसमोर तिची थट्टा केली, सगळे हसले, आणि म्हणून ती शुक्रवारी बोलली नाही. चूक तिची नव्हती. माझी होती. हे मला ठाऊक होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही.

मी थांबल्यावर सुनंदानं विचारलं, “काय म्हणाला होतात तुम्ही? नेमकं?”

ते वाक्य त्या दिवसानंतर मी मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. मला पाणी प्यावंसं वाटलं. पुंडलिक खाली बघत होता. मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती वाट बघत राहिली, जणू अजून काही यायचं आहे. मग म्हणाली, “एवढंच?”

“हो,” मी म्हणालो. “एवढंच.”